तो कुणाबरोबर खेळतो?

प्रश्न : माझा मुलगा १५ वर्षांचा आहे. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत ऑनलाइन गेम खेळतो. जेवायला हाक मारली की 'पाच मिनिटं' म्हणतो आणि तासभर उठत नाही. मागच्या आठवड्यात संतापाच्या भरात मी खेळ चालू असतानाच वायफाय बंद केलं. त्याने हेडफोन भिंतीवर आपटला. तेव्हापासून माझ्याशी अबोला आहे. हे व्यसन म्हणायचं का?
— एक आई

उत्तर : ताई, मीही हे केलंय, माझ्या मुलीच्या बाबतीत. असे गेम मध्येच थांबवता येत नाहीत. अर्ध्या डावातून उठलं की बरोबरचे तोंडघशी पडतात आणि दोष आपल्या पोराच्या माथी येतो. हे मला फार उशिरा कळलं.

मग एका संध्याकाळी मी तिच्यामागे खुर्ची टाकून नुसती बसले. बऱ्याच वेळाने तिने हेडफोनची एक बाजू माझ्या कानाला लावली. पलीकडून कुणीतरी विचारत होतं, 'आलीस ना? तुझ्यासाठीच थांबलोय.' त्या वर्षी वर्गात तिच्यासाठी कुणीच थांबत नव्हतं. मधल्या सुट्टीत ती जिन्यात एकटी बसायची, हे मला त्या रात्री समजलं.

म्हणून आधी विचारा, तो कुणाबरोबर खेळतो, आणि घरी येणारे मित्र तुटलेत का, तुटले असतील तर का.

'व्यसन' हा शब्द जपून वापरा. जागतिक आरोग्य संघटनेच्या, जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात गेमिंगचा विकार आहे. पण त्यात नुसते तास मोजत नाहीत. खेळावरचा ताबा सुटणं, बाकी सगळं मागे पडणं, नुकसान दिसत असूनही खेळत राहणं, आणि हे साधारण १२ महिने चालणं, असं सगळं पाहतात. मात्र तो मरणाचं बोलू लागला, स्वतःला इजा करू लागला किंवा अंगावर धावून आला, तर दिवस मोजत बसू नका, लगेच मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या.

झोपेवर मात्र ठाम राहा. या वयाला ८ ते १० तास झोप हवीच. तिच्यावाचून चिडचीड आणि उदासी वाढते. शेवटचा डाव किती वाजता सुरू करायचा, ते त्यालाच ठरवू द्या. तो संपेपर्यंत वायफायला हात लावू नका.

आणि त्या दिवशीबद्दल 'माझं चुकलं' असं आधी तुम्ही म्हणा. हेडफोन आपटण्याबद्दल नंतर बोलता येईल.