फ्रेंच राज्यक्रांती भुकेमुळे झाली की रूसो-व्होल्तेअरच्या विचारांमुळे? आणि तिची सुरुवात १४ जुलै १७८९ पासूनच, म्हणजे लोकांनी पॅरिसचा बॅस्टिल तुरुंग घेतला त्या दिवसापासूनच धरायची का?

दोन्हींमुळे नाही. राजाची तिजोरी रिकामी झाली आणि ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी कर द्यायला नकार दिला, म्हणून झाली. इतकं ठामपणे लिहिते आहे, कारण याच प्रश्नावर एका मुलीचे अडीच गुण माझ्या डोळ्यांदेखत कापले गेले आणि मी गप्प बसले.

तालुक्याच्या गावी ३१ वर्षं मी इतिहास शिकवला. तेव्हा नववीला हा धडा होता. सहामाहीत पाच गुणांना प्रश्न आला, ‘फ्रेंच राज्यक्रांतीची कारणे लिहा.’ एका मुलीने गाईडमधलं उत्तर न लिहिता स्वतःचं लिहिलं होतं. तिच्या वडिलांनी विहिरीसाठी सोसायटीचं कर्ज काढलेलं, त्यामुळे व्याज आणि थकबाकी म्हणजे काय हे तिला समजावून सांगावं लागलं नव्हतं. तिने लिहिलं होतं: राजाने अमेरिकेच्या युद्धासाठी कर्ज काढले. राज्याचा निम्मा खर्च कर्जापायीच होऊ लागला. गरिबांकडे घेण्यासारखे काही उरले नव्हते, म्हणून त्याने सरदारांकडे कर मागितला. ते म्हणाले, आधी सभा बोलवा. सभा बोलावली आणि राजाची सत्ता गेली.

मी साडेचार दिले. विषयप्रमुख सरांनी फेरतपासणीत दोन केले. का, तर रूसो, व्होल्तेअर, माँतेस्क्यू ही नावं नाहीत, आणि ‘भाकरी नसेल तर केक खा’ हे राणीचं वाक्य नाही! मुख्याध्यापकांनी सरांचीच बाजू घेतली. पेपर मिळाल्यावर मुलगी टेबलापाशी आली आणि म्हणाली, “बाई, तुम्ही शिकवलंत तेच लिहिलंय ना मी?” मी म्हटलं, “सरांनी तपासलंय ते.” यापलीकडे मला काही बोलता आलं नाही.

सरांचं म्हणणं होतं की लोक उपाशी होते आणि विचारवंतांनी त्यांना जागं केलं, एवढंच मुलांना पुरे. मग १७०९ चं काय? त्या हिवाळ्याने आणि नंतरच्या दुष्काळाने फ्रान्समध्ये लाखो माणसं मेली, तरी चौदाव्या लुईचं सिंहासन हललं नाही. १७७५ मध्ये धान्य महागलं, पॅरिसभोवती दंगे झाले, सरकारने सैन्य पाठवून ते मोडले. रूसो आणि व्होल्तेअर दोघेही तेव्हा हयात होते.

१७८९ मध्ये वेगळं काय होतं, तर राजा कफल्लक होता. प्रधान कालोनने सगळ्या जमिनींवर सारखा कर बसवायची योजना मांडली आणि त्यासाठी १७८७ च्या फेब्रुवारीत व्हर्सायला बड्या मानकऱ्यांची सभा भरवली. त्यांनी ती योजना हाणून पाडली. वरिष्ठ न्यायालयंही आडवी आली. १७८८ च्या ऑगस्टमध्ये सरकारला देणी थांबवावी लागली आणि सोळाव्या लुईने इस्टेट्स जनरल, म्हणजे धर्मगुरू, सरदार आणि बाकीचे सगळे अशा तीन वर्गांच्या प्रतिनिधींची सभा बोलावली. ती सभा आधीची भरली होती १६१४ मध्ये!

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. प्रतिनिधी निवडताना गावोगावच्या लोकांना आपली गाऱ्हाणी वह्यांमध्ये लिहून द्यायला सांगितलं गेलं. मिठावरचा कर नको, चर्चचा दशांश नको, जमीनदाराची कबुतरं आमचं पेरलेलं टिपतात आणि आम्हाला ती मारायची मुभा नाही, असलं सगळं त्यांत आहे. १३ जुलै १७८८ च्या गारपिटीने पिकं झोडपली होती, पुढचा हिवाळा भयंकर गेला, आणि पॅरिसमध्ये चार पौंडी पाव ८-९ सूवरून (सू हे तेव्हाचं फ्रेंच नाणं) साडेचौदावर गेला. मजुराची रोजची मजुरी होती २० ते ३० सू. म्हणजे लोक उपाशी होते आणि त्याच महिन्यांत राजा त्यांना विचारत होता, तुमचं म्हणणं काय? भूक त्यांना नवी नव्हती, हे विचारणं नवं होतं.

सुरुवात मी १७ जून १७८९ ला धरते. ५ मेला सभा भरली तेव्हापासून मतं वर्गवार मोजायची की डोकी मोजून, यावर सगळं अडलं होतं. १७ जूनला तिसऱ्या वर्गाने, म्हणजे सामान्यांच्या प्रतिनिधींनी, सरळ स्वतःला राष्ट्रीय सभा म्हणून घोषित केलं. सत्ता राजाकडून राष्ट्राकडे गेली ती तिथे. २० जूनला सभागृह बंद दिसलं, तर त्यांनी टेनिस कोर्टवर शपथ घेतली. मग राजाने पॅरिसभोवती सैन्य जमवलं, ११ जुलैला लोकांच्या आवडत्या अर्थमंत्र्याला, नेकरला, काढलं आणि शहर पेटलं. १४ जुलैला लोकांनी बॅस्टिल घेतलं तेव्हा तिथे कैदी होते अवघे ७. लोकांना हवी होती बंदुकीची दारू. राजाच्याच फ्रेंच गार्ड पलटणीचे शिपाईही लोकांना मिळाले. १७७५ आणि १७८९ मधला दुसरा मोठा फरक तोच. १४ जुलैने ती सभा वाचवली. तारीख मोठीच आहे, पण सभा आधी जन्मलेली होती.

विचारवंतांचा वाटा काहीच नव्हता असं मात्र मी म्हणत नाही. तिसऱ्या वर्गातून निवडून आलेल्यांत वकील पुष्कळ होते आणि त्यांचं वाचन होतं. २६ ऑगस्टचा मानवी हक्कांचा जाहीरनामा वाचला की ते कळतं. भुकेचंही तसंच. ५ ऑक्टोबरला पॅरिसच्या बाजारातल्या बायका पावासाठी पावसात व्हर्सायपर्यंत चालत गेल्या आणि दुसऱ्या दिवशी राजाला पॅरिसला घेऊन आल्या. पण ऑक्टोबरला जे घडलं ते मूळ कारण म्हणून लिहायचं नसतं.

परीक्षेसाठी विचारत असाल तर कर्ज, वरच्या वर्गांची करमाफी आणि इस्टेट्स जनरल या क्रमाने लिहा. केकचं वाक्य अजिबात लिहू नका. रूसोने आत्मचरित्रात तसं वाक्य एका थोर राजकन्येच्या तोंडी घातलंय, नाव न घेता, आणि तो भाग त्याने लिहिला तेव्हा पुढे राणी झालेली मारी आंत्वानेत फ्रान्समध्ये आलेलीच नव्हती. ती आली १७७० मध्ये, १४ वर्षांची असताना. यावरून कुणी गुण कापले तर पेपर घेऊन परत जा आणि हे साल दाखवा. तुम्ही स्वतः शिक्षक असाल तर विद्यार्थ्याला एकट्याला पाठवू नका, बरोबर जा.