प्री-मेड म्हणून अर्ज करताना वेगळं कसं दिसायचं: अकरावीतल्या मुलीच्या आईला उत्तर

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मुलगी न्यू जर्सीत पब्लिक हायस्कूलला अकरावीत आहे, मार्क उत्तम, एसएटी (कॉलेज प्रवेशाची परीक्षा) १६०० पैकी १५४०, शनिवारी हॉस्पिटलमध्ये व्हॉलंटियरिंग, होसा (आरोग्यक्षेत्रात जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांची संघटना), सायन्स ऑलिम्पियाड, भरतनाट्यम. डॉक्टर व्हायचंय, डोक्यात जॉन्स हॉपकिन्स, ब्राऊन, ड्यूक. आणि या उन्हाळ्यात काही हजार डॉलर भरून एका मोठ्या कॅम्पसवरचा तीन आठवड्यांचा मेडिकल प्रोग्रॅम करावा की सांगलीला मामाच्या हॉस्पिटलात शॅडोइंग, म्हणजे डॉक्टरांच्या मागे राहून काम बघणं, करावं, हे ठरत नाहीये. माझी मुलगी याच वाटेने गेली, आता रेसिडेन्सी करतीये, आणि इथल्या आपल्या मुलांचे निबंध मी बरीच वर्षं वाचून देते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट, जी भारतातून आलेल्या आपल्या पिढीला पटकन पटत नाही. इथे प्री-मेड नावाची डिग्री जवळपास कुठेच नसते. बायोलॉजी, जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक, फिजिक्स हे लॅबसकट, वर बायोकेमिस्ट्री, थोडं गणित-स्टॅटिस्टिक्स आणि इंग्रजी, एवढे कोर्स कुठल्याही मेजरबरोबर (मुख्य विषयाबरोबर) करायचे, एमकॅट ही मेडिकलची प्रवेश परीक्षा द्यायची आणि मग मेडिकलला अर्ज करायचा. म्हणजे आत्ता तिचा अर्ज वाचणारा माणूस डॉक्टर निवडायला बसलेलाच नाहीये, तो आपल्या कॅम्पससाठी विद्यार्थी निवडतोय. मेडिकल स्कूल तिच्याकडे बघेल ते कॉलेजमधल्या चार वर्षांवरून, हायस्कूलमधले हॉस्पिटलचे तास तिथे फारसे कुणी मोजत नाही. मग आत्ताच अख्खा अर्ज पांढऱ्या कोटात गुंडाळायची काय गरज आहे?

दुसरं, अर्ज वाचले जातात भागानुसार. मध्य न्यू जर्सीचे अर्ज बघणारी व्यक्ती एडिसन, वेस्ट विंडसर, साउथ ब्रन्सविक अशा शाळांचे अर्ज एकापाठोपाठ वाचते, आणि त्यात हॉस्पिटल व्हॉलंटियर, होसा, ऑलिम्पियाड, शास्त्रीय नृत्य ही यादी तिला दिवसातून कितीतरी वेळा दिसते. यादी वाईट नाही हो, त्यामागे मुलांची खरी मेहनत असते, मला माहितीये. पण त्या यादीवरून तुमची मुलगी कोण आहे हे कळत नाही. म्हणून यादी वाढवून उपयोग नाही. पुन्हा एसएटी देऊनही नाही, १५४० पुरे झाले, तो वेळ दुसरीकडे लावा.

कुठे लावायचा? तिच्या आसपासची एखादी अडचण जी तिला खरंच खुपते, तिच्या मागे वर्षभर लागणं. मी पाहिलेलं एक उदाहरण सांगते. मंडळाच्या कार्यक्रमांना आजी-आजोबा येतात ना, सहा महिन्यांसाठी आलेले, पिशवीत भारतातून आणलेल्या गोळ्या, नावं भारतातली ब्रँडची, आणि इथे बरं वाटेनासं झालं की अर्जंट केअरच्या डॉक्टरला त्या नावांवरून काहीच कळत नाही. एका मुलीने आपल्या आजीसाठी एक कागद केला, गोळीचं भारतातलं नाव, त्यातलं औषध, डोस, कधीपासून चालू, मराठीत आणि इंग्रजीत. मग ओळखीच्या फार्मासिस्टकडून तपासून घेऊन तो इतरांना करून द्यायला लागली, फोन यायला लागले, कागद चारदा बदलला कारण आजोबांना अक्षर दिसेना. ना संस्था काढली, ना वेबसाइट, ना प्रेसिडेंट म्हणून स्वतःचं नाव. पण कॉमन ॲपमधल्या (बऱ्याच कॉलेजांसाठी चालणारा एकच ऑनलाइन अर्ज) दहापैकी त्या एका ॲक्टिव्हिटीच्या १५० अक्षरांत तिच्याकडे सांगायला खरं काहीतरी होतं, आणि निबंधाच्या ६५० शब्दांत तर होतंच होतं.

कुणाचं डोकं प्रश्नांत रमतं, तेही चालतं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं काम तिला वाचायला द्या. पुण्याजवळच्या गावांत १९९३ पासून गरोदर बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास चालू झाला आणि त्यातून दिसलं की आपली बाळं वजनाने कमी असली तरी त्यांच्या अंगात चरबीचं प्रमाण जास्त असतं, आणि पुढच्या डायबेटिसशी याचा संबंध आहे. इथे अमेरिकेत मसाला नावाचा अभ्यास आहे, दक्षिण आशियाई लोकांच्या हृदयविकाराचा, शिकागो आणि सॅन फ्रान्सिस्कोकडच्या आपल्याच लोकांवर केलेला. घरात आजोबांना, काकांना साखर आहे, बायपास झालीये, हे बघत वाढलेली मुलगी जर हे वाचून बायोलॉजीच्या सरांकडे स्वतःचा प्रश्न घेऊन गेली, तर त्या सरांच्या शिफारसपत्रात जे उतरेल ते कुठल्याही सर्टिफिकेटने येत नाही. पत्रांचं फार मोल आहे. अकरावीत शिकवणाऱ्या दोन शिक्षकांना मे-जूनमध्येच विचारून ठेवा, त्यातला एक सायन्सचा आणि एक इंग्रजी किंवा हिस्टरीचा असला तर उत्तम.

आता उन्हाळा. पैसे भरायचा प्रोग्रॅम माझ्या मते नको. कॅम्पस मोठ्या नावाचा असला तरी बऱ्याचदा प्रोग्रॅम बाहेरची कंपनी जागा भाड्याने घेऊन चालवते, आणि वाचणाऱ्यांना ते माहीत असतं, प्रवेशासाठी त्याचा उपयोग होत नाही. निवड कडक असते आणि फी नसते असे प्रोग्रॅम वेगळे, उदाहरणार्थ एमआयटीतलं आरएसआय किंवा स्टोनी ब्रुक युनिव्हर्सिटीचं सायमन्स, दोन्ही हायस्कूलच्या मुलांसाठी उन्हाळी संशोधनाचे, पण त्यांच्या तारखा हिवाळ्यातच संपतात. त्यापेक्षा न्यू जर्सीत सोळाव्या वर्षी ईएमटीचा, म्हणजे ॲम्ब्युलन्सवर तातडीचे प्रथमोपचार करणाऱ्याचा, कोर्स करता येतो, गावच्या रेस्क्यू स्क्वॉडला विचारा. तिथे तिला खरा पेशंट दिसेल, रात्री अडीचला पडलेले आजोबा उचलावे लागतील, आणि हे आपल्याला आयुष्यभर करायचंय का हे तिचं तिलाच कळेल.

सांगलीला जरूर पाठवा, पण बघायला. मामा प्रेमाने म्हणेल चल ओटीत, टाका घालून बघ, आणि इथेच हात आखडायला सांगा. इथे जे करायची परवानगी नाही ते तिथल्या गरीब पेशंटवर केलं आणि निबंधात अभिमानाने लिहिलं तर वाचणाऱ्याचं मत तिथल्या तिथे फिरतं, आणि फिरायलाच हवं. तो पेशंट नाही म्हणू शकत नव्हता. ओपीडीत बसावं, नातेवाईक रिपोर्टची पिशवी घेऊन कसे ताटकळतात, कोण उपचार अर्धवट सोडून जातं आणि का, ते वहीत लिहावं. तेवढ्यातनं खूप हाती लागतं.

निबंधात 'मला लोकांची मदत करायचीये आणि सायन्स आवडतं' हे सगळेच लिहितात. आनंदीबाई जोशींनी १८८३ मध्ये फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजला जे अर्जाचं पत्र लिहिलं ते मुलीला वाचायला लावा, नेटवर मिळतं. अठरा वर्षांची मुलगी, आपलं शिक्षण किती झालंय ते साधेपणाने सांगते, आणि मग कशासाठी आले ते सांगते: माझ्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी. कुणासाठी, कुठली अडचण, आणि मीच का, तिन्ही उत्तरं त्यात आहेत. तुमच्या मुलीची उत्तरं लहान असतील, असू देत, पण तिची असावीत.

मेजर बायोलॉजीच हवं असंही नाही. हॉपकिन्सला मेडिसिन, सायन्स अँड द ह्युमॅनिटीज असं मेजर आहे, पेनला हेल्थ अँड सोसायटीज, येलला हिस्टरी ऑफ सायन्स, मेडिसिन अँड पब्लिक हेल्थ. तिला यातलं काही मनापासून आवडत असेल तरच, कारण चार वर्षांत इतिहासाचा एकही जादा कोर्स नाही आणि अर्जावर इतिहास, हे लगेच दिसतं.

कॉलेज आणि मेडिकल दोन्हीला एकदमच प्रवेश देणारे एकत्र प्रोग्रॅमही बघा. ब्राऊनचा पीएलएमई आठ वर्षांचा, त्यात एमकॅट लागत नाही. टीसीएनजे (द कॉलेज ऑफ न्यू जर्सी) आणि रटगर्सच्या न्यू जर्सी मेडिकल स्कूलचा सात वर्षांचा. इथे मात्र 'डॉक्टरच का' हे नीट सांगावं लागतं, कारण खरंच डॉक्टर निवडतायत.

आणि एक, जे तुम्ही लिहिलं नाहीत पण विचारतेच. मुलगी सिटिझन किंवा ग्रीन कार्डवर आहे ना? एच-फोरवर, म्हणजे नोकरीच्या एच-वन व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावर, असेल तर सगळं गणित बदलतं. फेडरल मदत मिळत नाही, बऱ्याच कॉलेजांत तिचा अर्ज इंटरनॅशनल धरला जातो, बऱ्याच मेडिकल स्कूल, विशेषतः स्टेटच्या, सिटिझन किंवा ग्रीन कार्ड नसलेल्यांना घेतच नाहीत, आणि २१ व्या वर्षी एच-फोर संपतो. अशा वेळी हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट यांच्यासारखी, बाहेरच्या मुलांनाही पैशाची गरज न बघता घेणारी आणि पूर्ण मदत देणारी कॉलेजं यादीत हवीतच, आणि इमिग्रेशन वकिलाशी आत्ताच बोला, बारावीत नको.

शनिवारचं हॉस्पिटल सोडायचं का, असंही विचारलं होतंत. तिला तिथे जायला आवडत असेल तर चालू ठेवा. आवडत नसेल तर सोडून द्या, त्या एका ओळीवाचून अर्जाचं काही अडत नाही. कॉमन ॲप १ ऑगस्टला उघडतं, त्याआधी तिला निबंधाचा एक कच्चा मसुदा लिहू दे, आणि तो तुम्ही दुरुस्त करायला घेऊ नका.