त्याला बंडखोर म्हणण्याआधी

नागपूर

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधातलं त्या हप्तेखोर तरुणावरचं प्रकरण दोनदा वाचलं. मेहनत दिसते. पण 'व्यवस्थेने नाकारलेल्या तरुणाचं हिंसक बंड' हा मथळा मी पेन्सिलीने खोडलाय. का, ते सविस्तर लिहिते, कारण फोनवर तू लगेच 'हो मॅडम' म्हणशील आणि विषय संपेल.

समाजशास्त्रज्ञ मर्टनच्या १९३८ च्या निबंधाचा आधार घेतलास, ते योग्यच. समाज सगळ्यांना एकच स्वप्न दाखवतो, तिथवर पोचायची वाट मात्र सगळ्यांना देत नाही, आणि या ओढाताणीत माणसं पाच तऱ्हांनी वागतात. त्यातला बंडखोर ध्येयही नाकारतो, मार्गही नाकारतो आणि दोन्हींच्या जागी नवं काही मांडू पाहतो. तुझ्या माणसाने कोणतं ध्येय नाकारलं? परिशिष्टात तूच त्याच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सचा फोटो लावलायस. गळ्यात बोटाएवढी चेन, काळा गॉगल, जोडलेले हात, नावापुढे 'भाऊ' आणि खाली शुभेच्छुकांचे पासपोर्ट साइजचे चेहरे. त्याला पैसा हवाय, मान हवाय, चौकात नाव हवंय. हे तर सगळ्यांनाच हवं असतं! त्याने फक्त वाट बदलली, हप्ता आणि चाकूची धरली. मर्टन याला नवप्रवर्तन म्हणतो. बंड हा वेगळाच रकाना आहे.

त्याचे वडील ज्या मिलमध्ये कामाला होते, तिची हकीकत तू फार चांगली लिहिलीस. १८७७ साली सुरू झालेली एम्प्रेस मिल बंद पडते आणि तिच्याच जागेवर मॉल उभा राहतो. स्वप्न काचेआड मांडलेलं आणि वाट बंद, याहून बोलकं उदाहरण मर्टनलाही मिळालं नसतं. ते ठेव. पण त्या मिलच्या हजारो कामगारांच्या पोट्ट्यांनी चाकू उचलला नाही. त्याचा सख्खा भाऊ ऑटो चालवतो, हे तू एका ओळीत उरकलंस. घर तेच, बाप तोच, बेकारीही तीच. गुन्ह्यांचा अभ्यासक हर्शीने १९६९ मध्ये प्रश्नच उलटा केला होता: माणसं गुन्हा का करत नाहीत? त्या भावाला कोणत्या नात्याने, कोणत्या जबाबदारीने धरून ठेवलं, ते विचारल्याशिवाय हे प्रकरण अर्धंच राहील.

आता मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट. मुलाखतीत तो म्हणतो, 'मले लोकायनंच असं बनवलं.' पुढे म्हणतो, 'तो तरी कुठं साधा होता?' आणि मग, 'दोस्तासाठी केलं, बाप्पा.' साइक्स आणि मॅट्झा या समाजशास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये गुन्हेगार स्वतःच्या मनाची समजूत कशी घालतो, त्याच्या पाच तऱ्हा मांडल्या. त्यातल्या तीन इथे ओळीने आल्यात: जबाबदारी झटकणे, बळी गेलेल्यालाच दोषी धरणे, निष्ठेचा दाखला देणे. तू मात्र ही वाक्यं पुरावा म्हणून घेतलीस आणि निष्कर्षात जवळपास त्याचेच शब्द लिहिलेस. त्याची सबब आणि तुझं स्पष्टीकरण एक झालं, तर तुझा अभ्यास त्याचा वकील होतो. तो खोटं बोलतो असं मी म्हणत नाही. तो जे बोलतो तेही तपासायचंच असतं.

'गुन्हेगार' या शिक्क्याबद्दल तुझं म्हणणं मला पटलं. समाजशास्त्रज्ञ लेमर्टने १९५१ मध्ये पहिलं विचलन (म्हणजे नियम मोडणं) आणि शिक्का बसल्यानंतरचं विचलन यांत केलेला फरक इथे चपखल बसतो. सतराव्या वर्षीची मारामारी वेगळी आणि दोन वर्षांच्या तडीपारीनंतर परतलेला 'रेकॉर्डवरचा' माणूस वेगळा. त्याला काम कोण देणार? वस्ती आणि जात लिहिताना मात्र फार जपून. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आपल्याकडे जन्मताच शिक्के मारले. १९५२ मध्ये कायदा गेला, पण पारध्यांच्या बेड्यावर, म्हणजे वस्तीवर, आजही पोलीस आधी पोचतात. तुझ्या प्रबंधातून तसा नवा शिक्का निघता कामा नये. वस्तीचं नाव काढून टाक.

आणि बंडाबद्दलच लिहायचं असेल, तर आपल्याच शहरातला १३ ऑगस्ट २००४ आठव. कस्तुरबानगरच्या बायांनी ज्याचा वर्षानुवर्षं छळ सोसला, त्या गुंडाला जमावाने भर न्यायालयात ठार केलं. त्यात बायाच जास्त होत्या. खटला दहा वर्षं चालला आणि २०१४ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. तो दिवस आठवला की आजही माझ्या पोटात कालवतं. कोणाचाही जीव असा जाणं मला मान्य नाही. तरी विचार कर: त्या बाया कायदा नाकारत होत्या की कायदा आपल्यालाही लागू व्हावा म्हणून वर्षानुवर्षं दार ठोठावून थकल्या होत्या? मर्टनच्या कोणत्या रकान्यात त्यांना बसवशील? मला अजून नीट बसवता आलेलं नाही.

तुझ्या चाळीस पानांत हप्ता देणारी भाजीवाली तीन वेळा येते आणि एकदाही बोलत नाही. पुढचा मसुदा तिच्यापासून सुरू कर. संध्याकाळी जाऊ नकोस, ती तिच्या धंद्याची वेळ. दुपारी जा, रेकॉर्डर पिशवीतच राहू दे, आणि तो चौकात उभा असेल तर काही न विचारता अर्धा किलो वांगी घेऊन परत ये.

तुझी,
मॅडम