वाचकांचे प्रश्न : वरण, भात आणि रक्तातील साखर

प्रश्न : माझे वय ५६ असून सहा वर्षांपासून मला टाइप २ मधुमेह आहे. गोळ्या नियमित घेते. ज्या सकाळी नुसते पोहे खाते, त्या दिवशी दोन तासांनी घरच्या ग्लुकोमीटरवर साखर २१५ च्या आसपास येते. मुगाचे धिरडे आणि दही खाल्ले, तर ती १६० च्या पुढे फारशी जात नाही. धिरड्यातही पिष्ट असतेच, मग एवढा फरक कशाने पडतो? भाचीने अमिनो आम्लांची पावडर आणून दिली आहे. त्या पावडरीने साखर आटोक्यात राहते, असे भाचीला कोणी सांगितले आहे. ती घ्यावी का? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : तुम्ही न्याहारीनुसार नोंदी ठेवल्या, हे फार चांगले केले. अशी वही समोर असली की डॉक्टरांनाही नेमके बोलता येते.

पोहे म्हणजे भिजवून, भाजून चपटे केलेले तांदूळच. त्यातील पिष्टाचे ग्लुकोज व्हायला फार वेळ लागत नाही. मुगात पिष्ट आहे, परंतु त्याबरोबर तंतू आहेत आणि जवळजवळ चोवीस टक्के प्रथिने आहेत. तुमच्या नोंदींमधला फरक बऱ्याच अंशी या प्रथिनांच्या पचनातून येतो, म्हणून ते पचन थोडे सविस्तर सांगते.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. जठरातील आम्लाने ती उलगडते आणि पेप्सिन हे विकर (पचन घडवणारा पाचक घटक) तिचे मोठे तुकडे करते. पुढे लहान आतड्यात स्वादुपिंडातून आलेली ट्रिप्सिन आणि कायमोट्रिप्सिन ही विकरे त्या तुकड्यांचे आणखी बारीक तुकडे करतात. शेवटी सुटी अमिनो आम्ले आणि दोन-तीन अमिनो आम्लांच्या जोड्या आतड्याच्या अस्तरातून शोषल्या जातात. हे तुकडे अस्तराजवळ पोहोचले की तिथल्या काही पेशी कोलेसिस्टोकायनिन आणि जीएलपी-१ ही संप्रेरके रक्तात सोडतात. दोन्ही संप्रेरकांमुळे जठर रिकामे होण्याचा वेग मंदावतो आणि पोट भरल्याची जाणीव होते. जीएलपी-१ मुळे, साखर वाढलेली असताना, इन्शुलिनही अधिक स्रवते. त्यामुळे धिरड्यातील पिष्ट आतड्यात एकदम न उतरता थोडेथोडे उतरते, आणि साखरही त्याच चालीने रक्तात येते.

रक्तात पोहोचलेली अमिनो आम्ले स्वादुपिंडावर थेटही काम करतात. ल्युसीन आणि आर्जिनीन इन्शुलिनच्या पेशींना चेतवतात. मात्र अमिनो आम्लांमुळे ग्लुकागॉन हे उलट दिशेचे संप्रेरकही स्रवते आणि ते यकृताला साठवलेली साखर सोडायला सांगते. ही दुहेरी व्यवस्था आवश्यकच आहे. निरोगी माणसाने नुसती उकडलेली अंडी खाल्ली आणि केवळ इन्शुलिन वाढले, तर साखर धोकादायकरीत्या घसरेल. दोन्ही संप्रेरके बरोबरीने स्रवतात म्हणून त्याची साखर जवळपास जागच्या जागी राहते. तेव्हा ‘प्रथिने साखर कमी करतात’ हे वाक्य अर्धवट आहे. पिष्टाच्या जोडीला प्रथिने असली की जेवणानंतरची चढण सौम्य होते, असे म्हणणे योग्य.

या ज्ञानाचा उपयोग ताटात असा करता येतो. पदार्थ तेच ठेवून केवळ क्रम बदलला, म्हणजे भाजी आणि प्रथिने आधी व पोळी-भात दहा-पंधरा मिनिटांनी घेतला, तर जेवणानंतरची साखर कमी वाढते, असे टाइप २ मधुमेहाच्या रुग्णांवरील चाचण्यांत दिसले आहे. आपल्या पंगतीत पहिला घास वरण-भात-तुपाचा असतो. तो मोडावा असे मी म्हणणार नाही, परंतु रोजच्या जेवणात आधी कोशिंबीर आणि वाटीतली उसळ संपवून मग भाताकडे वळावे. पोहे सोडवत नसतील, तर पोह्यांचे प्रमाण निम्मे करून वर वाटीभर मोड आलेली वाफवलेली मटकी घ्यावी, आणि दोन तासांनी साखर तपासून वहीत लिहावी.

आता पावडरीविषयी. ती घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपली प्रथिने वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची बनतात. त्यांपैकी नऊ शरीराला तयार करता येत नाहीत, ती अन्नातूनच यावी लागतात. बाजारातील अशा बऱ्याच डब्यांत ल्युसीन, आयसोल्युसीन आणि व्हॅलीन ही तीनच असतात. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथील लोकांच्या २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांच्या रक्तात ही तीन आणि टायरोसीन व फेनिलअॅलनीन यांचे प्रमाण जास्त होते, त्यांना पुढील बारा वर्षांत मधुमेह होण्याची शक्यता अधिक आढळली. याचा अर्थ डाळ-अंड्याने मधुमेह होतो, असा मुळीच नाही. इन्शुलिनला शरीर दाद देईनासे झाले की या अमिनो आम्लांचे विघटनही मंदावते, हे त्यामागचे एक कारण आहे. पण ज्यांची पातळी आधीच चढलेली असण्याचा संभव आहे, अशा रुग्णाने तीच विकत आणून घ्यावीत याला आधार नाही.

गरज आहे ती पुरेशा आणि पूर्ण, म्हणजे ही नऊही अमिनो आम्ले पुरवणाऱ्या, प्रथिनांची. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार प्रौढांनी दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने घ्यावीत. ६० किलो वजनाला ती सुमारे ५० ग्रॅम होतात. मी घरच्या वजनकाट्यावर ३० ग्रॅम कोरडी तूरडाळ मोजून शिजवली, तेव्हा लहान वाटीभर घट्ट वरण झाले, आणि त्यात प्रथिने जेमतेम साडेसहा ग्रॅम! पातळ आमटीच्या वाटीत याच्या निम्मीही नसतात. तांदूळ आणि ज्वारीत लायसीन कमी, डाळींत मिथिओनिन कमी. पिठलं-भाकरी एकत्र खाल्ली की ही उणीव परस्पर भरून निघते. त्यात दही, दूध, पनीर किंवा अंडे यांची भर घालावी. रक्तातील क्रिएटिनीन वाढलेले असेल किंवा लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन जात असेल (दोन्ही मूत्रपिंडाच्या त्रासाच्या खुणा), तर मात्र प्रथिने वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे.

आणखी एक गोष्ट पुणेकरांना सांगावीशी वाटते. येथील मधुमेह-संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचे शेजारी-शेजारी काढलेले छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) २२.३ होता. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के होती. सडपातळ दिसणाऱ्या आपल्या शरीरात स्नायू कमी असतात, आणि जेवणानंतरचे ग्लुकोज सामावून घेण्याचा मोठा वाटा स्नायूंचा असतो. हे स्नायू अमिनो आम्लांतूनच घडतात, पण व्यायामाचा ताण दिल्याशिवाय वाढत नाहीत. म्हणून चालण्याबरोबर आठवड्यातून दोन-तीनदा वजने उचलण्याचा किंवा खुर्चीतून उठबस करण्याचा व्यायाम करावा.

प्रश्न : आमच्या बारा वर्षांच्या मुलाला टाइप १ मधुमेह आहे. पनीर किंवा चिकनचे भरपेट जेवण झाले की झोपताना साखर ठीक असते आणि मध्यरात्री वाढलेली दिसते. पोळी मोजूनच देतो, मग हिशेब कुठे चुकतो? (एक पालक, सिंहगड रस्ता)

उत्तर : तुमचा हिशेब चुकत नाही. इन्शुलिनची मात्रा तुम्ही पोळी-भातावरून ठरवता. प्रथिनांचा परिणाम तीन ते पाच तासांनी दिसतो. वर सांगितलेले ग्लुकागॉन याही मुलांत स्रवते, पण त्याला तोलणारे स्वतःचे इन्शुलिन त्यांच्याकडे नसते. यकृत काही अमिनो आम्लांपासून नवे ग्लुकोजही तयार करते, आणि पनीरमधील स्निग्धांशामुळे सगळेच पचन लांबते. कृपया रात्री अंदाजाने जादा इन्शुलिन देऊ नका, कारण झोपेत साखर उतरण्याचा धोका अधिक गंभीर आहे. अशा तीन-चार जेवणांचे प्रमाण, वेळ आणि दर दोन तासांची साखर लिहून डॉक्टरांना दाखवा. मात्रा विभागून द्यायची का, हे ते ठरवतील.

प्रश्न : कडधान्ये खाल्ली की गॅस होतो, म्हणजे मला प्रथिने पचत नाहीत का? (एक वाचक, हडपसर)

उत्तर : नाही. गॅस होतो तो कडधान्यांतील रॅफिनोज आणि स्टॅकिओज या शर्करांमुळे. त्या पचवणारे विकर आपल्याकडे नाही, त्यामुळे मोठ्या आतड्यातील जिवाणू त्या आंबवतात. रात्रभर भिजवावे, ते पाणी टाकून द्यावे आणि कडधान्य पूर्ण शिजवावे. कच्च्या कडधान्यात ट्रिप्सिनला अडवणारे घटक असतात, तेही शिजवल्याने बव्हंशी निष्प्रभ होतात.

प्रश्न : सुईचा कंटाळा आला आहे. इन्शुलिनची गोळी का नाही? (एक ज्येष्ठ वाचक, सदाशिव पेठ)

उत्तर : तुमचा त्रास मी समजू शकते. इन्शुलिन हे स्वतःच ५१ अमिनो आम्लांचे प्रथिन आहे. एका साखळीत २१ आणि दुसरीत ३०, असा त्यांचा क्रम फ्रेडरिक सँगर यांनी उलगडला आणि त्यासाठी त्यांना १९५८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पोटात गेलेले इन्शुलिन वरणातल्या प्रथिनासारखेच कापले जाते, म्हणून ते त्वचेखाली द्यावे लागते. मात्र हा क्रम कळल्यामुळेच पुढची सोय झाली. दुसऱ्या साखळीतील २८ व्या आणि २९ व्या जागेवरील प्रोलीन आणि लायसीन यांची अदलाबदल केली की लिस्प्रो इन्शुलिन मिळते, आणि ते साध्या इन्शुलिनपेक्षा लवकर काम सुरू करते. साधे इन्शुलिन जेवणाआधी अर्धा तास घ्यावे लागते, तर लिस्प्रो जेवायला बसताना घेता येते. सुया कमी करता येतील का, हे तुमच्या मात्रेवर अवलंबून आहे. पुढच्या भेटीत डॉक्टरांना हाच प्रश्न विचारा आणि महिनाभराच्या नोंदी बरोबर न्या.