सोरोरिटीची वर्गणी नोकरीत वसूल होते का?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे आणि सोरोरिटीत, म्हणजे मुलींच्या ग्रीक नावाच्या संघटनेत, जायचं म्हणते. पुढे नोकरीला उपयोग होतो, असं तिचं म्हणणं. आम्हाला मात्र खर्च आणि पार्ट्याच दिसतात. – एक आई, एडिसन

उपयोग होतो, पण नुसत्या सभासदत्वाचा नाही. कॉलेजच्या चॅप्टरमध्ये, म्हणजे सोरोरिटीच्या तिथल्या शाखेत, शंभरेक मुली असतील, तर पदावर पंधरा-वीसच असतात. नोकरीच्या मुलाखतीत सांगण्याजोगं काम या पदांवरच होतं. खजिनदार वर्गणी गोळा करते, थकबाकीदारांच्या मागे लागते, वर्षाचं अंदाजपत्रक बांधते. (महाराष्ट्र मंडळाची खजिनदारी केलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.) रिक्रुटमेंट (नव्या सभासदांची निवड) पाहणारी मुलगी आठवडाभरात शेकडो मुलींशी बोलण्याचं वेळापत्रक लावते. विक्रीच्या किंवा मनुष्यबळ विभागाच्या नोकरीसाठी याहून चांगली तालीम कॉलेजात क्वचितच मिळते.

वेळेचं गणित आधी मांडा. शेवटच्या वर्षाआधीच्या उन्हाळ्यातली इंटर्नशिप पुष्कळदा थेट नोकरीत बदलते. तिचे अर्ज तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला सुटतात, इन्व्हेस्टमेंट बँकांचे तर दुसऱ्या वर्षातच. म्हणजे तोवर हातात एखादं पद हवं. पहिल्या वर्षी सभासद झालेल्या मुलीला हे जमतं. तिसऱ्या वर्षी शिरलेलीला मैत्रिणी मिळतील, रेझ्युमेत फारशी भर पडणार नाही.

खर्चाबद्दल चॅप्टरकडून लेखी तक्ता मागा. पहिल्या सत्रात प्रवेशाचं आणि बॅजचं एकदाच भरायचं शुल्क असतं, त्यामुळे तो आकडा फुगलेला दिसतो. पुढच्या सत्रांचा आकडा वेगळा विचारा. कार्यक्रम चुकल्यास दंड आहे का? चॅप्टरच्या घरात राहत नसतानाही घराचं शुल्क भरावं लागतं का? पदाधिकाऱ्यांना चॅप्टरच्या घरातच राहण्याची सक्ती आहे का? शेवटचा प्रश्न विसरू नका. घराचा करार बहुधा वर्षाचा असतो आणि सोरोरिटी सोडली तरी तो सुटत नाही.

निवडही विचार करून करा. नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्स या सोरोरिट्यांच्या महासंघात 26 सोरोरिट्या आहेत. त्यांपैकी एकीत दीक्षा झाली की उरलेल्या पंचवीसांची दारं कायमची बंद. त्यांच्याखेरीज इतरही आहेत. इंजिनीअरिंगच्या मुलींसाठी 1984 साली पर्ड्यू विद्यापीठात सुरू झालेली फाय सिग्मा ऱ्हो आहे. दक्षिण आशियाई मुलींची डेल्टा फाय ओमेगा 1998 साली ह्यूस्टन विद्यापीठात निघाली. मुलीच्या क्षेत्रातल्या माजी सभासद आसपासच्या शहरांत किती आहेत, हे पाहून ठरवलं तर घराच्या थाटामाटाला भुलायला होत नाही.

प्रश्न : रेझ्युमेत हे कसं लिहू? दोन ठिकाणी सोरोरिटीच्या नावाची ग्रीक अक्षरं लिहून अर्ज केला, कुठूनच उत्तर नाही. – एक विद्यार्थिनी, ऑस्टिन

उत्तर न येण्याला कारणं अनेक असतात, पण अक्षरं काढच. संगणकाच्या चाळणीला ती कळत नाहीत आणि वाचणाऱ्यालाही कळतीलच असं नाही. संस्थेचं नाव पूर्ण लिही, पद आधी आणि संस्था नंतर. त्याखाली दोनच ओळी, आणि प्रत्येकीत खरा आकडा : किती सभासद, किती डॉलरचं अंदाजपत्रक, थकबाकी कितीवरून कितीवर आणली. ‘नेतृत्वगुण विकसित झाले’ हे वाक्य खोड. पद नसेल तर एक ओळ पुरे.

मुलाखतीत दीक्षाविधी, पार्ट्या, आपापसातली भांडणं हे विषय नकोत. सोरोरिटीबद्दल मनात अढी असलेली माणसंही समोर बसलेली असतात. त्यांच्यापुढे हिशेबाची वही उघडावी, अल्बम नव्हे.

प्रश्न : पदवी झाली, सिएटलला आले. माजी सभासद बायकांना लिंक्डइनवर ‘नोकरी असेल तर सांगा’ असं लिहिलं. चाळीसपैकी दोघींनी उत्तर दिलं. – एक वाचक

दोघींनी दिलं हेच नवल. नोकरी मागितली की समोरची व्यक्ती ‘सध्या जागा नाही’ म्हणून मोकळी होते. माहिती मागितली तर बोलते. निरोप चार वाक्यांचा ठेवा : तुमचा चॅप्टर आणि वर्ष, त्यांच्याच कामातली नेमकी कोणती गोष्ट विचारायची आहे, पंधरा मिनिटांची विनंती, सोयीच्या दोन वेळा. रेझ्युमे जोडू नका. बोलणं झाल्यावर त्याच दिवशी आभार माना आणि त्यांनी सुचवलेलं काही केलंत तर महिनाभराने कळवा. शिफारस सहसा या दुसऱ्या निरोपानंतर मिळते.

आणखी एक चूक बऱ्याच जणी करतात. आधी अर्ज भरतात, मग शिफारस मागतात. अनेक कंपन्यांत शिफारस आधी नोंदवावी लागते, नंतर ती अर्जाला जोडता येत नाही. तेव्हा थांबा, विचारा, मग भरा.

सिएटलमध्ये तुमच्या सोरोरिटीची माजी सभासदांची शाखा असेल तर तिथलं एखादं छोटं काम अंगावर घ्या. जेवणाला हजेरी लावून निघून गेलं तर नाव कुणाच्या लक्षात राहत नाही.

प्रश्न : मी नाशिकची. एमएससाठी अमेरिकेला जाते आहे. मला सोरोरिटीत जाता येईल का? व्हिसाच्या कामी ओळखी उपयोगी पडतात का?

कॉलेजची रिक्रुटमेंट पदवीपूर्व मुलींसाठी असते, त्यामुळे तो नाद सोड. तुला सोसायटी ऑफ विमेन इंजिनीअर्स जास्त कामाची आहे. विद्यापीठातली तिची शाखा शोध आणि तिथेही पदच मिळव. टाऊ बीटा पायसारखी ग्रीक नावं दिसली तर गोंधळू नकोस, ती गुणवत्तेवर निवडणारी मंडळं आहेत, सोरोरिटी नव्हे.

व्हिसाबाबत ओळखीची मर्यादा नीट समजून घे. शिक्षणानंतर ओपीटीवर (विद्यार्थी व्हिसावरच्या कामाच्या तात्पुरत्या परवानगीवर) 12 महिने काम करता येतं, विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीला आणखी 24. पण पहिल्या 12 महिन्यांत एकूण 90 दिवसांहून जास्त बेकार राहता येत नाही. म्हणून ओळखी काढण्याचं काम पहिल्याच सत्रात सुरू कर. कंपनी एच-1बीसाठी, म्हणजे पुढच्या नोकरीच्या व्हिसासाठी, अर्ज करते की नाही, हे ओळखीच्या बाईला बहुधा माहीत नसतं. ते भरती विभागालाच विचार, आणि पहिल्याच फोनवर.