इमल्शन ‘जळते’ केव्हा आणि ‘कच्चे’ राहते केव्हा?

स्क्रीन-प्रिंटिंगने लग्नपत्रिका छापणाऱ्या एका वाचकांनी विचारले आहे की, प्रकाश दिलेली स्क्रीन (चौकटीवर ताणलेली छपाईची जाळी) धुताना अक्षरांच्या कडांचे इमल्शन (जाळीवर फासलेला प्रकाशसंवेदी थर) निघून जाते आणि कारागीर ‘स्क्रीन जळली’ म्हणतात, हा प्रयोग बरोबर आहे का? इमल्शनला मराठी शब्द आहे का, हाही त्यांचा प्रश्न आहे.

प्रयोग साफ चुकीचा आहे, आणि तो वारंवार कानावर पडत असल्याने आता त्याचा उबग आला आहे. जाळीवरचा थर अतिनील प्रकाशाने कडक होतो आणि पॉझिटिव्हच्या (मजकूर काळ्यात असलेल्या पारदर्शक फिल्मच्या) काळ्या भागाखाली मऊ राहिलेला थर पाण्याने निघून जातो. ‘जळणे’ म्हणायचेच असेल तर ते प्रकाश जास्त झाल्यावर म्हणावे. तेव्हा बारीक रेघा पाण्याचा कितीही मारा केला तरी उघडत नाहीत. कडा वाहून जाणे आणि स्क्वीजीच्या (शाई ओढणाऱ्या रबरी पट्टीच्या) बाजूने थर बुळबुळीत लागणे ही नेमकी उलट, म्हणजे प्रकाश कमी पडल्याची लक्षणे आहेत. त्यासाठी ‘कच्चे राहिले’ हा शब्द रंगाऱ्यांनी आपल्याला केव्हाच दिला आहे: कच्चा रंग धुण्यात जातो, पक्का टिकतो. ‘जळली’ हे ऐकून जो प्रकाशाचा वेळ आणखी घटवतो, त्याची पुढची स्क्रीन पहिलीपेक्षाही कच्ची निघते.

आता दुसरा प्रश्न, जो मला अधिक प्रिय आहे. मराठी विश्वकोशाने इमल्शनला ‘पायस’ म्हटले आहे, आणि ‘पायस म्हणजे खीर, ती जाळीला फासायची का?’ अशी थट्टा करणाऱ्यांना मूळ शब्दाचा अर्थच ठाऊक नसतो. लॅटिनमध्ये ‘मुल्गेरे’ म्हणजे दूध काढणे आणि ‘एमुल्गेरे’ म्हणजे पिळून बाहेर काढणे. सतराव्या शतकातल्या युरोपात बदाम पाण्याबरोबर वाटून काढलेल्या दुधट रसाला इमल्शन म्हणत. आपला ‘पायस’ ‘पयस्’पासून, म्हणजे दुधापासूनच आला आहे. दोन भाषांनी आपापल्या गोठ्यातून शब्द उचलला, ही जुळणी शब्द घडवणाऱ्याची हुशारी आहे आणि तिला हसणे शोभत नाही.

‘पयस्’ मात्र कुठून आला? प्राचीन व्युत्पत्तिकार यास्कांनी निरुक्त या ग्रंथात ‘पिबति’ (पितो) आणि ‘प्यायति’ (फुगतो) असे दोन्ही पर्याय दिले आहेत. ‘पितात म्हणून पय’ एवढ्यावर समाधान मानणारे पंडित दुसऱ्याकडे पाहतही नाहीत, आणि हा आळस आहे असे माझे स्पष्ट मत आहे, कारण फुगणे, भरून येणे या अर्थाच्या ‘प्यै’ धातूपासूनच पीन, पीवर, आप्यायन हे शब्द आले आहेत आणि दुधाने भरलेल्या कासेचे चित्र त्याच कुळातले आहे. माझा लाडका तर्क त्याही पुढचा आहे. स्क्रीनच्या थरातले पॉलिव्हिनाइल अल्कोहोल पाणी शोषून आधी फुगते आणि मगच सुटते. प्रकाशाने ज्याचे रेणू एकमेकांना बांधले गेले तो भाग फारसा फुगत नाही, म्हणून टिकतो. ‘पायस’ शब्द निवडणाऱ्यांच्या मनात हे नसेलही, पण शब्द इतका चपखल बसतो की मला तो सोडवत नाही. छायाचित्रणाच्या फिल्मवरच्या थराला ‘पायस’ म्हणू नये, ते खरे तर निलंबन (विखुरलेल्या घन कणांचे मिश्रण) आहे, असा आक्षेप रसायनाचे जाणकार घेतात. तो योग्यच आहे, परंतु तो इंग्रजी नावालाही तितकाच लागू पडतो. ‘एक्स्पोजर’ला ‘उद्भासन’ म्हणणाऱ्यांसाठी एकच वाक्य पुरेसे आहे: ‘प्रकाश देणे’ असताना त्याची गरज नाही.

वाचकांची स्क्रीन तशीच राहिली. थर कच्चा राहण्याचे कारण दर वेळी वेळ कमी पडणे हेच असते असे नाही. प्रकाश देण्यापूर्वी तो पुरता वाळलेला नसला, तर वेळ वाढवूनही पक्का होत नाही. दिवा दुप्पट अंतरावर नेला असेल तर वेळ चौपट लागतो. पिवळी जाळी आडवा पसरणारा प्रकाश शोषते, त्यामुळे पांढऱ्या जाळीचा वेळ तिला पुरत नाही. योग्य वेळ शोधण्यासाठी एकाच स्क्रीनच्या पट्ट्या क्रमाने झाकत वेगवेगळा वेळ द्यावा. डायझो (थर प्रकाशसंवेदी करणारे रसायन) मिसळलेल्या इमल्शनचा पिवळसरपणा ज्या पट्टीपासून पुढे आणखी उतरत नाही, ती पट्टी पक्की आणि तिच्या आधीच्या कच्च्या समजाव्यात.