मोत्यांचं बायबॅक आणि पत्रात नसलेली तारीख

शिंपल्यांच्या शेतीत अडकलेल्यांची पत्रं हल्ली इतकी येतात की उघडण्याआधीच मजकूर कळतो. कंपनीने शिंपले, केंद्रक (ज्याभोवती मोती तयार होतो तो गाभा), प्रशिक्षण मिळून सव्वाचार लाख घेतले, तयार मोती ठरल्या दराने परत घेण्याचा करार केला आणि मोती निघाल्यावर 'दर्जा बसत नाही' म्हणून हात वर केले. सातारा जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्रही तेच सांगतं.

ताई, पाच पानांत तुम्ही पाण्याचा सामू लिहिलात, शेवाळ लिहिलं, मेलेले शिंपले आठवड्यागणिक मोजलेत, गणपतीच्या साच्याचे, म्हणजे डिझाइनचे मोती किती निघाले तेही दिलंत. कंपनीने 'माल घेणार नाही' असं पहिल्यांदा कोणत्या दिवशी कळवलं, ते मात्र कुठेच नाही. आणि सगळं त्यावरच अडलंय.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 69 प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून 2 वर्षांत ग्राहक आयोगाकडे जावं लागतं. तुम्ही ओझरतं लिहिलंय की 'लॉट रिजेक्ट' हा व्हॉट्सअॅपचा निरोप गेल्याच्या गेल्या वर्षी गौरी-गणपतीच्या आधी आला. म्हणजे हातात फार तर काही आठवडे आहेत, कदाचित तेवढेही नाहीत. 'पुढच्या हंगामात बघू' हे कंपनीच्या साहेबांचं फोनवरचं आश्वासन मुदत वाढवत नाही. पोलिसांत दिलेला अर्ज चौकशीवर आहे म्हणून थांबलात, त्यानेही वाढत नाही. आता वकिलाची नोटीस पाठवून उत्तराची वाट बघाल, तर तेही दिवस वायाच. उशीर माफ करायची सोय त्याच कलमात आहे, पण कारण पटवावं लागतं, आणि 'साहेब चांगले बोलायचे' हे कारण आयोगाला पटेल असं मला वाटत नाही.

बाकीच्या गोष्टींची धास्ती त्यामानाने कमी बाळगा. करारातल्या लवादाच्या (वाद कोर्टाबाहेर लवादाकडून सोडवण्याच्या) कलमामुळे ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही. न्यायक्षेत्र कंपनीच्या शहराचं लिहिलं असलं तरी नव्या कायद्यात तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. भरलेली रक्कम 5 लाखांच्या आत असल्याने फीही नाही. 'हा धंदा आहे, तुम्ही ग्राहक नाही' असं कंपनी म्हणणारच. 2020 मध्ये सफेद मुसळी या औषधी वनस्पतीच्या अशाच बायबॅक करारात सर्वोच्च न्यायालयाने शेतकऱ्याला ग्राहक मानलं, ते दाखवा. पण तुमच्या पत्रात 'गुंतवणूक' हा शब्द जागोजागी आहे. तळ्यावर तुम्ही दोघं नवराबायको पोटासाठी राबता हे तक्रारीत स्पष्ट यायला हवं.

'दर्जाबाबत कंपनीचा निर्णय अंतिम' या अटीने तुम्ही घाबरलात. अट वाईट आहे, आणि सही करण्यापूर्वी कुणाला दाखवली असती तर मी हे लिहीत बसलो नसतो. पण अटच रद्द करा अशी मागणी करायची झाली तर अनुचित करार म्हणून राज्य आयोगाकडे जावं लागेल. जिल्ह्यात सेवेतील त्रुटीवर भर द्या. त्यासाठी तुमच्या हातात एक चांगला मुद्दा आहे. डिझाइनच्या मोत्यांना साधारण 12 ते 18 महिने लागतात. तुम्ही म्हणता, कंपनीच्या माणसाने 10 महिन्यांतच शिंपले उघडायला लावले. मग साच्यावर थर पातळ बसला तर दोष कुणाचा? शिंपले उघडायला सांगणारा हा निरोप लेखी सापडला तर तक्रारीच्या पहिल्या पानावर घ्या. फक्त तोंडी असेल, तर किती टिकेल ते सांगता येत नाही.

फोन बदलू नका, चॅट पुसू नका. त्याची प्रत लावताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र लागेल. उरलेले मोती आणि शिंपल्यांची टरफलं तारीख घालून पिशवीत बांधून ठेवा, पडत्या भावात विकून मोकळ्या होऊ नका. थर किती जाडीचा आहे हे रत्नपरीक्षण प्रयोगशाळेतून नंतर तपासून घेता येईल.

कायदा म्हणतो की तक्रार 3 महिन्यांत, तपासणी लागली तर 5 महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा. प्रत्यक्षात वर्षं जातात. 2 वर्षं खरंच उलटली असतील, तर उशीर माफीचा अर्ज जोडून तक्रार कराच. शिवाय करार मोडल्यापासून 3 वर्षांच्या आत लवादाची नोटीस कंपनीच्या हाती पडेल असंही बघा. पण आधी आजच चॅट वर सरकवून त्या 'लॉट रिजेक्ट' निरोपाची तारीख बघा आणि कागद घेऊन वकिलाकडे जा.